कावीळ उतरते कधी, तुंबते कधी

कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलेल्या बहुतेकांची कावीळ खरोखरच उतरते. हे आधीच मान्य केलेलं बरं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांत "ते सगळं थोतांड" म्हणणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही, आणि का घ्यावं? शेजारचा पोरगा महिन्याभरात बरा होऊन पुन्हा कामाला लागलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो.

प्रश्न एवढाच, की तो पोरगा कशाने बरा झाला. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांच्या अंगातून काही आठवड्यांत आपली आपणच जाते. काढा प्या, माळ घाला, नाहीतर नुसतं पडून राहा. (गरोदर बाईची गोष्ट वेगळी. तिला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेतू शकतं. तिला एक दिवसही घरी ठेवू नये.) गळ्यातली माळ रोज लांबत जाते, कारण तिच्यातल्या ओल्या काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल पडतात. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, कारण हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो. तोच प्रयोग ठणठणीत माणसाच्या हातावर करून बघा, पाणी तितकंच पिवळं होईल.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण त्याच दारात अधूनमधून असा एक माणूस येतो, ज्याच्या यकृतात मुळात काही बिघडलेलं नसतं. यकृतातून निघालेल्या पित्ताला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो पिवळा पडलेला असतो. वाटेत खडा अडकलेला असतो, किंवा नळी आकसलेली असते, किंवा बाहेरून गाठ दाबत असते. ही कावीळ कोणत्याही पाल्याने उतरत नाही. "डाग दिला की उतरतंय" म्हणून दंडावर डागण्या घेऊन पंधरा दिवस वाट बघणाऱ्या या माणसाचं नुकसान डागाने जितकं होत नाही, तितकं त्या पंधरा दिवसांनी होतं.

पित्ताची वाट

इथे पित्त म्हणजे आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ नव्हे. ते जठरातलं आम्ल. आपण बोलतोय ते यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या, कडू रसाबद्दल. यकृत असा रस दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर तयार करतं. त्याची कामं दोन: जेवणातलं तेल-तूप पचण्याजोगं करायचं, आणि रक्तातला काही कचरा आतड्यावाटे बाहेर टाकायचा. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी मोडल्यावर त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं, तेही याच वाटेने जातं. शौचाला नेहमीचा रंग येतो तो त्याच्यामुळेच.

कणकुंबीच्या डोंगरातले ओहोळ एकमेकांना मिळत जातात आणि खाली त्यांची मलप्रभा होते, तशी यकृताच्या आतल्या केसासारख्या बारीक नळ्यांची शेवटी एक मुख्य पित्तनलिका होते. वाटेत बाजूला पित्ताशयाची पिशवी लागते. तिच्यात तीस ते पन्नास मिलिलिटर पित्त साठतं, घट्ट होतं आणि जेवण पोटात गेलं की पिळून बाहेर पडतं. रिपोर्टवर 'सीबीडी' असं लिहिलेलं असतं ती ही मुख्य नलिका. लांबी सात-आठ सेंटिमीटर, आणि आतली रुंदी धडधाकट माणसात साधारण सहा मिलिमीटरपर्यंत. वय वाढलं किंवा पित्ताशय काढलेलं असलं की ती थोडी जास्त भरते, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. शेवटी ती स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाऊन लहान आतड्याच्या सुरुवातीलाच उघडते. स्वादुपिंडाची नळीही तिथेच, बहुधा त्याच तोंडाशी उघडते. म्हणून त्या तोंडाशी अडकलेला हरभऱ्याएवढा खडा एकाच वेळी कावीळही करतो आणि स्वादुपिंडाला सूजही आणतो.

वाट बंद झाली की पित्त मागे फिरतं आणि रक्तात उतरतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद तपकिरी होते आणि शौचाचा रंग उडून ती पांढुरकी, मातकट दिसू लागते. अंगाला खाज सुटते, विशेषतः तळहात-तळपायांना आणि रात्री. गडद लघवी, फिकट शौच आणि खाज ही तिन्ही एकत्र दिसली की घरच्यांनी नळी तुंबल्याचीच शंका घ्यावी. साध्या हिपॅटायटिसमध्येही थोडे दिवस असं होऊ शकतं. पण ते ठरवायचं काम तपासणीचं, शेजाऱ्यांचं नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

आमच्याकडे लोक रक्ताचा रिपोर्ट घेतात आणि एकच आकडा बघतात. "बिलिरुबिन आठ होतं, सहावर आलं." हा आकडा किती कावीळ आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. बिलिरुबिन साधारण १.२ पर्यंत असावं, आणि अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळे पिवळे दिसायला लागतात.

का आहे, याचा अंदाज खालच्या ओळींतून लागतो. एसजीओटी आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपणारी द्रव्यं, हजारांत गेलेली असतील तर बहुधा यकृताच्या पेशींनाच सूज आहे. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हे दोन आकडे उंच चढलेले आणि एसजीपीटी त्या मानाने कमी असेल, तर संशय नळीवर जातो. यालाही अपवाद आहे. खडा नुकताच अडकलेला असला तर पहिले एक-दोन दिवस एसजीपीटीही झपकन वर जातं. तेव्हा रिपोर्टवरून घरी निदान करू नका, पण "अल्कलाइन फॉस्फटेज किती आलंय?" हे डॉक्टरांना जरूर विचारा. या प्रश्नाने बोलणं योग्य जागी येतं.

खरा निकाल लावते ती सोनोग्राफी. आपल्या बाजूला तिला स्कॅनिंग म्हणतात. डोळे पिवळे झालेल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एकदा सोनोग्राफी व्हायलाच हवी असं माझं स्पष्ट मत आहे. ती स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही होते. यकृताच्या आतल्या नळ्या फुगलेल्या आहेत का, या एका प्रश्नाचं उत्तर ती मिनिटात देते. रिपोर्टवर 'आयएचबीआरडी' (यकृतातल्या नळ्या फुगलेल्या) किंवा 'सीबीडी डायलेटेड' (मुख्य नलिका फुगलेली) असं काही दिसलं, तर पुढे कुठेतरी वाट अडली आहे असं समजायचं आणि काढ्याची बाटली बाजूला ठेवायची.

सोनोग्राफीची एक खोट मात्र लक्षात ठेवायला हवी. पित्ताशयातला खडा तिला छान दिसतो, पण नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या हवेमागे लपून राहतो. "खडा दिसला नाही" म्हणजे "खडा नाही" असं नव्हे. अशा वेळी एमआरसीपी करतात. हा एमआरआयचाच प्रकार आहे: सुई नाही, दुर्बीण नाही, यंत्रात पडून राहायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. पित्ताच्या सगळ्या वाटा त्यात दिसतात. शरीरात पेसमेकर किंवा जुनी धातूची वस्तू असेल तर आधी सांगा.

खडे, आणि त्यांच्याभोवतीच्या समजुती

नलिका तुंबण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे खडा, आणि तो बहुतेक वेळा पित्ताशयातून घरंगळत आलेला असतो. पित्ताशयात खडे असणाऱ्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या नलिकेतही खडा सापडतो.

पित्ताशयात खडे आहेत पण काहीच त्रास नाही, अशी माणसं पुष्कळ. दुसऱ्याच कारणाने स्कॅनिंग केलं आणि खडे दिसले, तर बहुतेकांना लगेच ऑपरेशनची गरज नसते. कुणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पण नलिकेतल्या खड्याला हा नियम लागू नाही. तो आज गप्प असला तरी उद्या काय करेल याचा भरवसा नसतो, म्हणून माणसाची तब्येत झेपणारी असेल तर तो काढावा असाच सल्ला दिला जातो.

पित्ताशयाचं दुखणं ओळखता येतं. रात्रीच्या भरपेट, तेलकट जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात, मध्ये किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, अर्धा तास ते पाच-सहा तास टिकते, उलटी होते आणि मग कमी होते. दोन महिन्यांनी पुन्हा. ही माणसं वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतात. गोळी घेतली आणि तासाभराने थांबलं, म्हणजे गोळीने थांबलं असं वाटतं. ते थांबणारच होतं.

आता कुळथाचं पाणी. मूतखड्यासाठी आपल्या घराघरांत कुळथाचं कढण देतात आणि तेच पित्ताशयाच्या खड्यालाही चालवून बघतात. लघवी वाढली तर बारीक मूतखडा लघवीवाटे जाऊ शकतो, हे खरं. पण पित्ताच्या खड्याचा लघवीच्या मार्गाशी संबंधच नाही. कढण पौष्टिक आहे, जरूर प्या, खडा मात्र तिथेच राहील. मोबाइलवर फिरणारा दुसरा नुस्खा म्हणजे ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी शौचातून पडणारे हिरवे गोळे मोजायचे. ते गोळे तेल आणि लिंबाच्या रसातून आतड्यात तयार झालेल्या साबणाचे असतात. उरसोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी पित्ताशयातले काही ठरावीक, लहान खडे महिनोन्‌महिने घेतल्यावर विरघळवू शकते. नलिकेत अडकलेल्या खड्यासाठी तिची वाट बघत बसणं धोक्याचं.

खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर प्रकरण तासांवर येतं. साचलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि दाबामुळे थेट रक्तात शिरतात. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८७७ मध्ये याची तीन लक्षणं सांगितली, ती आजही तशीच वापरतात: कावीळ, हुडहुडी भरून ताप, आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. त्यात माणूस गुंगायला लागला, असंबद्ध बोलायला लागला किंवा रक्तदाब उतरला, तर पुढचा विचार रुग्णवाहिकेत बसून करा. सत्तरीच्या आजोबांना ताप येईलच असं नाही. ते नुसते मलूल होतात, जेवत नाहीत, बरळतात. भाताच्या चिखलात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिसमुळेही ताप आणि कावीळ होते, म्हणजे निदान दुसरं निघू शकतं. पण ताप आणि कावीळ एकत्र असताना घरी थांबायचं कारण दोन्हींत नाही.

अशा रुग्णाला सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करतात, आणि तुंबलेलं पित्त लवकरात लवकर बाहेर काढावं लागतं. नुसतं अँटिबायोटिक देऊन दिवसामागून दिवस जात असतील, तर "नळी कधी मोकळी करणार?" असं विचारायला संकोच करू नका.

तोंडावाटे दुर्बीण

नळी मोकळी करण्याच्या कामाला ईआरसीपी म्हणतात. ही पद्धत १९६८ मध्ये सुरू झाली, तेव्हा फक्त फोटो काढण्यासाठी. नलिकेचं तोंड कापून खडा काढायला १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमध्ये सुरुवात झाली. पोटावर छेद नसतो. भूल देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या तोंडात बारीक तार घालतात, एक्स-रेवर बघत ते तोंड थोडं मोठं करतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून आतड्यात टाकतात. तो मग शौचावाटे निघून जातो.

"दुर्बिणीतूनच आहे, काही नाही त्यात" असं सांगून रुग्णाला आत ढकलणं मला पटत नाही. शंभरातल्या तीन ते दहा जणांना यानंतर स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, पण थोड्यांची गंभीर होते. रक्तस्राव होऊ शकतो, आतड्याला छिद्र पडू शकतं. म्हणून नुसतं "बघूया तरी" म्हणून ईआरसीपी करू नये. बघायला एमआरसीपी आहे, किंवा दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी लावलेली एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड आहे. काढायचं काहीतरी नक्की असेल तेव्हाच ईआरसीपी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं लिहून न्या. पित्त आतड्यात पोचत नसलं की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आधी पीटी-आयएनआर तपासतात आणि लागलं तर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात.

खडा निघाला, कावीळ उतरली, आता कशाला ऑपरेशन? हे वाक्य घरोघर ऐकू येतं. पण खड्यांचं कोठार, म्हणजे पित्ताशय, अजून तसंच असतं. ते त्याच मुक्कामात किंवा पुढच्या एक-दोन आठवड्यांत काढून टाकलं नाही, तर पुढचा खडा त्याच वाटेने येतो. पित्ताशयाशिवाय माणूस व्यवस्थित जगतो. यकृत पित्त करतच राहतं, फक्त साठवायची जागा गेलेली असते. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं, इतकंच.

विसरलेली नळी

काही वेळा खडा एका बैठकीत निघत नाही, किंवा नलिका आकसलेली असते. मग पित्त वाहतं राहावं म्हणून आत स्टेंट ठेवतात. बहुतेकदा ती प्लास्टिकची बारीक नळी असते, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्टेंट ठेवला की दोन-चार दिवसांत खाज थांबते, भूक लागते, डोळे पांढरे होतात. माणूस घरी जातो आणि विसरतो. कागद कपाटात, पेरणी तोंडावर.

प्लास्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत त्याच्यात गाळ साचून तो तुंबायला लागतो. त्यामुळे तेवढ्या मुदतीत तो बदलावा किंवा काढावा लागतो. वर्ष-दोन वर्षं राहिला तर त्याच्याभोवतीच नवे खडे जमतात, तो सरकतो, आणि एके रात्री हुडहुडी भरून ताप येतो. धातूचा जाळीचा स्टेंट जास्त टिकतो, पण तोही तुंबू शकतो. डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा: स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, कधी ठेवला, आणि कोणत्या तारखेपर्यंत काढायचा. कॅलेंडर पुढच्या वर्षी बदललं तर तारीखही नव्यावर उतरवा. घरातल्या मोबाइल हाताळणाऱ्या पोराला गजर लावायला सांगितलं तर उत्तमच.

खडा नसेल तर

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये क्वचित, साधारण हजारात तीन ते पाच वेळा, मुख्य नलिकेलाच इजा होते. काहींना पोटात पित्त गळून लगेच त्रास होतो, काहींची नलिका महिन्यांनी किंवा वर्षांनी आकसते. ऑपरेशन झालेल्याला पुन्हा कावीळ किंवा खाज आली तर ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. दुरुस्तीसाठी आतड्याचा भाग वर आणून यकृताच्या नळीला जोडतात. ही पहिली दुरुस्ती असं काम नेहमी करणाऱ्या सर्जनच्याच हातून व्हावी, कारण पहिली बिघडली की दुसरी फार अवघड जाते.

न दुखता आलेली कावीळ मला दुखणाऱ्या काविळीपेक्षा जास्त धास्तीची वाटते. पन्नाशी-साठी उलटलेला माणूस, पोटात दुखत नाही, पण डोळे पिवळे, वजन उतरतंय, अन्न नको वाटतं, कदाचित नुकताच मधुमेहही निघालाय. इथे पित्तनलिकेचा, पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग आहे का, हे बघावंच लागतं. तंबाखूचा धूर स्वादुपिंडाच्या कर्करोगाला हातभार लावतो. निपाणीच्या पट्ट्यात हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. गाठ लवकर सापडली तर मोठं ऑपरेशन करून काढता येते. उशीर झाला असेल तर स्टेंट घालून खाज आणि कावीळ तरी कमी करता येते, आणि त्यालाही मोल आहे. एक बारकावा: शक्य असेल तर सीटी स्कॅन स्टेंट घालण्याआधी झालेला बरा. स्टेंट आत गेल्यावर गाठीचं चित्र गढूळ होतं आणि ऑपरेशन होईल की नाही ते ठरवणं कठीण जातं.

दोन आजार असे आहेत, ज्यांत वाटेत खडा किंवा गाठ नसते आणि तरीही पित्त अडतं. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातल्या अगदी बारीक नळ्यांवर उलटते. दहातले नऊ रुग्ण बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. कावीळ येण्याच्या कितीतरी आधी थकवा आणि खाज सुरू होते, आणि ती बाई वर्षभर त्वचेची मलमं लावत फिरते. अंगावर पुरळ नाही पण खाज थांबत नाही, तर एकदा अल्कलाइन फॉस्फटेज बघावं. ते वाढलेलं निघालं तर एएमए नावाची रक्ततपासणी करतात. ती बहुतेक रुग्णांत पॉझिटिव्ह येते. उपचार म्हणजे उरसोडिऑक्सिकोलिक ॲसिड, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १३ ते १५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला साधारण आठशे ते नऊशे मिलिग्रॅम झालं. गोळी जन्मभर घ्यायची. "रिपोर्ट नॉर्मल आला, बंद केली" असं करायचं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळेच.

दुसरा आजार प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. यात नळ्या जागोजागी आकसतात आणि मधेमधे फुगतात. पुरुषांत जास्त, आणि अनेकांना जोडीला मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिसही असतो. म्हणून शौचाची तक्रार नसली तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करायला सांगतात. तो थांबवणारं खात्रीचं औषध आजही नाही. आकसलेली जागा दुर्बिणीने रुंदावायची, जंतुसंसर्ग सांभाळायचा, कर्करोगावर नजर ठेवायची, आणि यकृत थकलंच तर प्रत्यारोपण. प्रत्यारोपणाची नोंद करताना रहिवासी दाखला मागण्याची अट काढा, असं केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं. कर्नाटकातल्या माणसाला महाराष्ट्रात नाव नोंदवायचं असेल तर हे माहीत हवं.

आणि बाळं. नवजात बाळ पिवळं दिसलं की आजी त्याला कोवळ्या उन्हात धरते, आणि बहुतेकांचा पिवळेपणा जातोही. पण बारसं होऊन गेलं, दोन आठवडे उलटले, तरी बाळ पिवळंच असेल आणि त्याची शी पांढुरकी असेल, तर उन्हाचा उपयोग नाही. काही बाळांची पित्तनलिका जन्मतःच किंवा जन्मल्यावर लगेच बंद होते. मोरिओ कासाई या जपानी सर्जनने १९५० च्या दशकात त्यावर ऑपरेशन शोधलं. ते साठ दिवसांच्या आत झालं तर चांगलं साधतं, उशीर झाला तर बहुधा यकृत बदलण्याखेरीज मार्ग उरत नाही. बाळाची लघवी एरवी जवळजवळ बिनरंगी असते. लंगोटाला गडद पिवळा डाग पडतोय का, हे घरच्या बाईच्याच आधी लक्षात येतं. डॉक्टरांकडे बाळासोबत शीचा लंगोटही न्यावा, लाजू नये. 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासा, एवढे दोन शब्द पाठ असले तरी पुरे.

खाणंपिणं

काविळीत हळद बंद करायची पद्धत सर्वत्र आहे. हळदीच्या पिवळ्याचा आणि डोळ्यांच्या पिवळ्याचा काही संबंध नाही. उसाचा रस देतात. आपल्या पट्ट्यात तो फुकट मिळाल्यासारखा आहे, पण गाड्यावरचा बर्फ आणि न धुतलेला चरक यांतून दुसरीच कावीळ यायची, आणि मधुमेह असेल तर साखर भडकायची. वाट पूर्ण तुंबलेली असताना तेलकट पचत नाही, म्हणून तेवढे दिवस तूप, तळण आणि कुंदा बाजूला. पण माणसाला भात आणि पाणी एवढ्यावर ठेवू नका. वरण, ताक, मूग, खात असतील तर अंडं, मासे चालतात. खूप दिवस तुंबलेलं राहिलं तर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात, ती डॉक्टर देतात. दारू पूर्ण बंद. गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. तेव्हा "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही" हेही गृहीत धरू नका. काय घेतलंय ते डॉक्टरांना सांगा. रागावले तरी सांगा.

खाजेसाठी सुती कपडे, गार पाणी आणि नखं कापलेली. कोलेस्टिरामिनची पावडर दिली असेल तर ती आणि बाकीच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर पावडर गोळ्यांनाच धरून ठेवते.

कुठे जायचं

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहण्याचा एक फायदा आहे: चारी दिशांना मोठी रुग्णालयं आहेत. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, आणि केएलईचं रुग्णालय. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज, खानापूरकरांना हुबळी किंवा गोव्यातलं बांबोळी. निघण्याआधी एक फोन करा आणि विचारा, "ईआरसीपी तुमच्याकडे होते का, आणि कोणत्या दिवशी?" पिवळ्या पडलेल्या माणसाला दोन-तीन गावं हिंडवण्यापेक्षा हे बरं.

पैशाचंही आधीच बघा. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च मिळतो, एपीएलला त्याहून कमी. मात्र तातडीचं नसेल तर आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. ती न घेता थेट खासगीत भरती झालं की मग धावाधाव होते. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना खुली करायचा निर्णय घेतला. तुमचं गाव त्यात आहे का, कोणते कागद लागतील, आणि ईआरसीपी व स्टेंट दोन्ही बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर "मराठीत वाचून दाखवा की" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

राज्य बदललं की रुग्णालय बदलतं, आणि नव्या डॉक्टरांना जुन्या रिपोर्टचा कागद पुरत नाही. एमआरसीपीची आणि सीटीची सीडी मागून घ्या, फिल्म गुंडाळून मोडू नका, ईआरसीपीचा कागद वेगळा मागा. तो डिस्चार्ज कार्डात बऱ्याचदा नसतो, आणि स्टेंट किती लांबीचा, कुठे ठेवला हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं.